सात सेकंदांची शिट्टी

मंगळवारी सकाळी काजव्याचा फ्लॅश मेला, आणि रविवारी अकरा वाजता त्रेसष्ट माणसांचा फोटो काढायचा होता.

फ्लॅश एकोणचाळीस वर्षांचा होता. वर्षातून दोनदा तो कपाटातून काढायचा, सेल घालून चार वेळा उडवायचा आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवायचा, असा काजव्याचा नेम. मंगळवारी त्यानं बटण सरकवलं तेव्हा आतून 'फट्' झालं आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. त्यानं सेल काढले, फ्लॅश उलटा करून हलवला आणि आत ऐकू जाईल असं म्हणाला, "गेला."

"कोण गेला?" बायको हातातलं काम टाकून बाहेर आली.

"फ्लॅश."

"मग तसं सांगा ना. तुमच्या वयाच्या माणसानं नुसतं 'गेला' म्हणू नये."

काजव्याचं वय शहात्तर. चौतीस वर्षं तो एका दैनिकाचा छायाचित्रकार होता. कुठल्याही अंधाऱ्या समारंभात तो मधूनमधून चमकायचा, म्हणून कचेरीनं त्याला हे नाव दिलं होतं. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी नाव निवृत्त झालं नव्हतं. घरी मात्र तो मामा होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाचीमुळे सगळी इमारत त्याला मामा आणि त्याच्या बायकोला मामी म्हणत असे.

दैनिकाचा छापखाना शहराबाहेर हलणार होता. जुना यंत्रहॉल रिकामा झाला होता, महिनाअखेरीस तो पाडणार होते. त्याआधी त्या हॉलमध्ये जुन्या-नव्या सगळ्यांचा एक फोटो व्हावा, असं निवृत्तांच्या संघटनेनं ठरवलं. संघटनेचं सगळं बघायच्या त्या प्रूफवाल्या बाई. तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"बासष्ट जण नक्की झालेत. त्रेसष्टावा अडलाय."

"कोण ते मी विचारत नाही," काजवा म्हणाला.

"विचारूच नकोस. तो म्हणतो, फोटो काजवा काढणार असेल तर माझं नाव खोडा. मी जन्मभर चुका खोडल्या, माणूस कधी खोडला नाही. तू असं कर, तू रांगेत उभा राहा. आमचा संगणकवाला मोबाइलवर काढेल."

"यंत्रहॉलमध्ये मोबाइलवर? भिंती शाईनं काळ्या झाल्यात तिथल्या. डांबरात उंदीर शोधत बसाल."

"मग तू ठरव बाबा. फोटोत कुलूप पाहिजे, की फोटोमागे काजवा."

"दोन्ही," काजवा म्हणाला आणि फोन ठेवला. ते कसं जमवायचं, याची त्याला कल्पना नव्हती.

कुलूप म्हणजे कचेरीचा स्टोअरकीपर. काजवा आणि तो एकाच महिन्यात नोकरीला लागले होते. कुलूपाची खोली जिन्याखाली होती, तिला हातभर रुंदीची खिडकी होती, आणि त्या खिडकीतून काहीही बाहेर येणं अवघड होतं. पेन्सिलीचं बूड दाखवल्याशिवाय नवी पेन्सिल नाही. जुने चार सेल परत दिल्याशिवाय नवे चार नाहीत. नवे सेल डाव्या हाताच्या डब्यात, जुने उजव्या हाताच्या. रोज चार वाजता काजवा खिडकीबाहेर स्टूल टाकून बसायचा, आतून कुलूप दोन कप सरकवायचा, आणि वीस मिनिटं दोघं मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांची मापं काढायचे. कचेरीत त्यांची नावं जोडीनंच घेत. काजवा-कुलूप कुठे आहेत, असं विचारलं की लोक जिन्याकडे बोट दाखवत.

हे बत्तीस वर्षं चाललं. मग दैनिकाच्या संस्थापक संपादकांचा सत्कार झाला. कचेरीत तेव्हा दोन डिजिटल कॅमेरे आले होते, पण ते तरुणांकडे. काजवा रिळावरच काम करत होता. म्हातारे संपादक मंचावरून खाली उतरले आणि त्यांनी कचेरीतल्या सर्वांत जुन्या खिळे जुळवणाऱ्याला मिठी मारली. काजव्यानं बारा फ्रेम घेतल्या. रीळ धुतल्यावर तीन चांगल्या निघाल्या आणि नऊ काळ्या. मिठी त्या नवांत होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर संपादकांचा आठ वर्षांपूर्वीचा फोटो लागला.

काजव्याला विचारणा झाली. त्यानं व्यवस्थापकांना चार ओळी लिहून दिल्या: फ्लॅश नीट आहे, मला वापरलेले सेल देण्यात आले होते. त्याची प्रत सूचनाफलकावर लागली. कुलूपाची चौकशी झाली, डावा डबा आणि उजवा डबा यांत घोळ होऊ शकतो असा निष्कर्ष निघाला, आणि त्याला कागदाच्या गोदामात धाडलं. उरलेली दोन वर्षं त्यानं तिथे रिळं मोजण्यात घालवली. जाण्याआधी तो काजव्याला इतकंच म्हणाला होता, "सेल नवे होते. पुढे तू जाणे."

त्यानंतर वीस वर्षं दोघं बोलले नव्हते.

*

गुरुवारी दुपारी भाची तीन खोकी घेऊन खाली आली. ती कॅटलॉगसाठी फोटो काढायची: खुर्च्या, पातेली, बूट. स्टुडिओतले मोठे दिवे तिच्याकडे होते, पण कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश तिला कधी लागला नव्हता. कॅमेऱ्याच्या दुकानदारानं स्वस्तातले तीन वेगवेगळे फ्लॅश शनिवारपर्यंत वापरून बघायला दिले होते. अट एकच: खोकी फाटता कामा नयेत.

"मामा, चांगल्या कंपनीचा एक घेऊ या ना सरळ," ती म्हणाली.

"एका फोटोसाठी? त्या पैशात मी त्रेसष्ट जणांना चष्मे घेऊन देईन. स्वस्तातलाच घ्यायचा, पण पारखून घ्यायचा. स्वस्त वस्तूत दोष असतातच. कोणता दोष आपल्याला चालतो, तेवढं बघायचं."

तो हे बोलला आणि मग एकदम कामाला लागला. शिंपी वापरतात तशी फीत काढली, खिडकीचे पडदे ओढले, बाहेरच्या खोलीत भिंतीपासून तीन मीटरवर फरशीवर खडूनं रेघ मारली. भिंतीला वर्तमानपत्राचं उघडलेलं पान चिकटवलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ठेवली.

"अगं, ये," त्यानं मामीला हाक मारली.

"आले. बस म्हणालात की बसायचं, हलू नको म्हणालात की हलायचं नाही. पन्नास वर्षं हेच करतेय." मामी खुर्चीवर बसली आणि भाचीला म्हणाली, "आमच्या घरात माझे चारशे फोटो आहेत आणि एकातही मी चांगली दिसत नाही. सगळ्यांत माझ्या कानाजवळ एक वर्तमानपत्र आहे."

"तुझ्या केसांचा काळा आणि पानाचा पांढरा, दोन्ही एकाच फोटोत नीट आले पाहिजेत. म्हणून बसवतो."

"केस पांढरे झाले आता. दुसरी बघा कुणीतरी."

भाचीनं वहीत तक्ता आखला: ताकद, भरायला लागणारा वेळ, गरम होतो का, सगळे फोटो एकसारखे येतात का. तिन्ही फ्लॅशमध्ये चार-चार पेन्सिल सेल लागत. तिनं सेलची नवी पाकिटं आणली होती. काजव्यानं ती स्वतः तपासली, सील बघितलं आणि स्वतःच्या हातानं फोडली.

पहिल्याच्या खोक्यावर ताकदीचा आकडा लिहिला होता अठ्ठावन्न. चांगला मोठाल्या अक्षरांत, त्याच्याभोवती पिवळा तारा. फ्लॅशची ताकद मोजायची रीत साधी आहे: माणूस किती मीटरवर, आणि फोटो नीट यायला भिंगाचं भोक कोणत्या आकड्यावर ठेवावं लागलं, यांचा गुणाकार. मामी तीन मीटरवर होती. अकरावर काळोख, दहावर अंधूक, आठवर पांढराफटक आणि चौथ्या फोटोत नऊच्या आकड्यावर तिचा चेहरा नीट आला.

"तीन नव्वे सत्तावीस," भाचीनं लिहिलं. "खोक्यावर अठ्ठावन्न!"

"हा आमचा जाहिरातवाला," काजवा म्हणाला. "तो पण सांगायचा, खप दुप्पट आहे. पुढे."

दुसरा हलका होता, त्याची मान चारी बाजूंना फिरत होती आणि पाठीवरचा दिवा तीन सेकंदांतच लागत होता. तो दिवा लागला की फ्लॅश भरला, असं समजायचं. भाची खूश झाली. काजव्यानं तिला दोन फोटो काढायला लावले: एक दिवा लागल्या लागल्या, दुसरा दिवा लागल्यावर दहापर्यंत मोजून. पहिल्यात मामी सावळी आली, दुसऱ्यात गोरी.

"म्हणजे दिवा लागतो तेव्हा हा भरलेलाच नसतो," भाची म्हणाली.

"क्रीडा प्रतिनिधी. सामना संपायच्या आधी बातमी देऊन मोकळा." काजव्यानं फ्लॅश वळवून पाठीवरचा दिवा दाखवला. "म्हणून मी दिव्यावर कधी विश्वास ठेवला नाही. आणि डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना फ्लॅशच्या पाठीवरचा दिवा दिसतो कुणाला? आमच्या वेळी शिट्टी होती."

"कसली शिट्टी?"

मग त्यानं सांगितलं. तो नोकरीला लागला तेव्हा काही जुन्या माणसांकडे अजून बल्ब होते. एक फोटो, एक बल्ब. उडाला की रुमालात धरून काढायचा, तरी बोटं पोळायची. चांगल्या समारंभानंतर छायाचित्रकाराच्या खुर्चीखाली काचेचे वीस-पंचवीस मेलेले बल्ब सापडायचे. मग हे सेलवाले फ्लॅश आले. यांना शिट्टी होती. फ्लॅश उडवला की आतून सूर लागायचा, खालून सुरू होऊन वर वर चढायचा, चढता चढता केसाएवढा बारीक व्हायचा आणि थांबायचा. थांबला की भरला. सभागृहात पाच छायाचित्रकार असले तर पाच शिट्ट्या चढत असायच्या. आपली कोणती ते आपल्याला बरोबर कळायचं, जसं गर्दीत आपलं पोर रडलेलं कळतं. डोळा कॅमेऱ्याला, बोट बटणावर आणि कान शिट्टीवर. घड्याळ नको, दिवा नको.

"ही नवी पोरं मुकी आहेत," तो म्हणाला. "दोघांनी तोंडातून सूर काढला नाही."

भाचीनं वहीतून वर पाहिलं. दोन्ही फ्लॅश बारीक आवाजात वाजत होते, तिला स्पष्ट ऐकू आलं होतं. पण मामाला शिट्टी म्हणजे काही मोठी गोष्ट म्हणायची असेल, असं समजून तिनं तिसरं खोकं उघडलं.

तिसरा फ्लॅश दिसायला बोजड होता. मान एकाच बाजूला वळायची, खोक्यावर आकडा लहान अक्षरांत छत्तीस. मोजून तेहतीस भरला. सलग दहा फोटो काढले, दहाही सारखे. गरमही झाला नाही.

"मुख्य उपसंपादक," मामी खुर्चीवरून म्हणाली. तिलाही खेळ कळला होता. "चेहरा आंबट, पण काम चोख."

"वेळ बघू याचा," भाची म्हणाली आणि तिनं फ्लॅश उडवला.

काजव्यानं हात वर केला. "थांब. थांब! याला आहे." त्याचा चेहरा बदलला होता. तो खुर्चीच्या पाठीला धरून, डोळे मिटून ऐकत होता. "आहे. जुन्यासारखीच. चढतेय... चढतेय... झाली. किती?"

"साडेतीन."

"लिही साडेतीन. पारखायला शिका. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत कुरूप आणि सगळ्यांत..."

"मामा, अजून वाजतेय ती."

"काय वाजतंय?"

"शिट्टी. वर गेलीय, पण वाजतेय. आत्ता थांबली. सात."

"अगं, थांबली केव्हाच."

"वाजत होती की," मामी म्हणाली.

काजवा दोघींकडे आलटूनपालटून बघू लागला. मग म्हणाला, "पुन्हा." तिघांनी डोळे मिटले. शिट्टी थांबली असं ज्याला वाटेल त्यानं हात वर करायचा. वेळ नंतर बघता यावी म्हणून समोर मोबाइलवर चित्रीकरण चालू. एकदा, दोनदा, तीनदा. भाचीचा हात सातला. मामीचा सहाला. त्याचा साडेतीनला, तीनला, पुन्हा साडेतीनला.

"आता फोटो काढ," तो म्हणाला. "एक उडव आणि मी हात वर केला की दुसरा काढ."

भाचीनं काढला. पडद्यावर मामी जवळपास काळी होती, मागच्या पानावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग तिनं सात सेकंद थांबून काढला. मामी लख्ख आली.

सेल नवे होते. त्यानंच फोडले होते.

त्यानं सेलचं फोडलेलं पाकीट पुन्हा उचलून पाहिलं. मग मामी म्हणाली, "फोटो कसा छापतोय ते बघत यंत्रहॉलच्या धडधडाटात उभं राहून राहून कान असे झाले असणार. मी हाका मारायची आणि तुम्ही वळायचा नाहीत. मला वाटायचं, राग आलाय."

"केव्हापासून?"

"आता केव्हापासून म्हणजे... कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुमच्याकडे होतं. ते मी काढून घेतलं. धाकटीच्या लग्नाच्या आधी."

धाकटीचं लग्न होऊन बावीस वर्षं झाली होती. काजव्यानं मनातल्या मनात वजाबाकी केली असावी, कारण तो खाली बसला.

"बारा फ्रेम होत्या," तो म्हणाला. "पहिली, सहावी आणि दहावी चांगली. सहावीच्या आधी एक जण आडवा आला होता म्हणून मी थांबलो. दहावीच्या आधी माळ तुटली म्हणून थांबलो. चौकशीत मी सांगितलं, बघा, थांबलं की सेल सावरतात, म्हणजे सेल दमलेले आहेत. सगळ्यांना पटलं." त्यानं फ्लॅश हातात घेऊन उलटसुलट केला. "सेल दमलेले असले तरी असंच होतं. कान दमलेला असला तरी असंच होतं. दुसरं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या पण नाही."

*

शनिवारी सकाळी दहाला त्यानं कुलूपाच्या दाराची घंटा दाबली. भाची बरोबर होती. बाकीचे दोन फ्लॅश परत करून बोजड तेवढा विकत ठेवला होता; तो आणि कॅमेरा बरोबर न्यायला तिनंच लावलं होतं. कुलूपानं साखळी न काढता दार चार बोटं उघडलं.

"मागणीपत्राशिवाय इथे काही मिळत नाही," तो म्हणाला.

"घ्यायला नाही, द्यायला आलोय."

"परत आलेला माल तपासून घेतला जातो." पण त्यानं साखळी काढली.

सून कामावर गेली होती, घरात तो एकटाच होता. बैठकीच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेले डबे: खिळे एक इंची. खिळे दोन इंची. बल्ब, चालू. किल्ल्या, कशाच्या माहीत नाही. भाचीला हसू आलं, ते तिनं खोकल्यात लपवलं.

काजव्यानं प्रस्तावना केली नाही. त्यानं फ्लॅश टेबलावर ठेवला आणि जे गुरुवारी झालं ते क्रमानं सांगितलं. कुलूपानं ऐकून घेतलं. मग उठून फळीवरून एक डबा काढला, त्यातून चार सेल घेतले, त्यांवरची तारीख वाचली आणि म्हणाला, "तुमचे सेल काढा. माझे घाला."

फ्लॅश उडवला. कुलूपानं सहा सेकंदांना बोट वर केलं, काजव्यानं तीनला.

"पुन्हा," कुलूप म्हणाला. पुन्हा तेच. तेव्हा त्यानं विचारलं, "आज तीन. त्या दिवशी किती होते?"

"सांगता येत नाही. चार असतील, पाच असतील. सात नक्की नव्हते."

"म्हणजे?"

"म्हणजे सेल नवे होते."

कुलूपानं आपले चार सेल फ्लॅशमधून काढले, एकेक करून डब्यात घातले आणि झाकण लावलं. डबा फळीवर ठेवून, चिठ्ठी समोर येईल असा वळवून मगच तो बोलला.

"हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. मला कशाला सांगतोस?"

काजव्यानं टेबलावरचा फ्लॅश स्वतःकडे ओढला.

"पत्र कुणाला लिहिलं होतंस?"

"व्यवस्थापकांना. ते वारले."

"प्रत कुठे लागली होती?"

"फलकावर."

"फलक आहे अजून. हॉलच्या दाराशीच. दैनिकात चुकीची बातमी छापली तर काय करता रे तुम्ही लोक?"

"दुरुस्ती छापतो."

"कुठे?"

"त्याच पानावर," काजवा म्हणाला.

"मग झालं तर. मी भंगारवाल्याची वाट बघतोय, तुम्ही निघा."

"उद्या येशील?" काजव्यानं दारात विचारलं. "अकरा वाजता."

कुलूपानं दार लावून घेतलं. साखळी लावल्याचा आवाज आला, तो मात्र काजव्याला ऐकू आला.

जिना उतरताना भाची म्हणाली, "मामा, त्रेसष्ट जणांसमोर लिहून लावायचं की तुला ऐकू येत नव्हतं? आणि लगेच त्यांचाच फोटो काढायचा? म्हणतील, हा म्हातारा काय काढणार."

"म्हणतीलच."

"मग?"

"मग त्यांना सात सेकंद उभं करीन."

*

यंत्रहॉलमध्ये यंत्र नव्हतं. जिथे ते होतं तिथे सिमेंटच्या फरशीत मनगटाएवढे सोळा बोल्ट उभे होते, आणि मध्ये तेलाचा आयताकृती काळा डाग. शाईचा वास भिंतींतून अजून येत होता. लोक दहापासून जमू लागले. यंत्रावरचा फोरमन आला तो सवयीनं डागाला वळसा घालून गेला, जणू मध्ये चाळीस टनांचं धूड उभंच आहे. खिळे जुळवणारे दोन जुळारी आपापल्या जागा पावलांनी मोजत होते आणि कुणाची खिडकीजवळ होती यावरून भांडत होते. सगळे मोठ्यांदा बोलत होते. या हॉलमध्ये हळू बोलायची कुणालाच सवय नव्हती.

दाराशी फलक होता. हिरवं कापड विरलेलं, टाचण्या गंजलेल्या. त्यावर मधोमध एक ताजा कागद होता:

"दुरुस्ती. वीस वर्षांपूर्वी या फलकावर माझं पत्र लागलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की संपादकांच्या सत्काराच्या दिवशी मला वापरलेले सेल देण्यात आले. ते चूक आहे. सेल नवे होते. माझा कान जुना झाला होता आणि मला ते समजलं नाही. स्टोअरकीपरनं त्याची शिक्षा भोगली."

खाली काजव्याची पूर्ण सही होती.

प्रूफवाल्या बाईंनी तो दोनदा वाचला, हात नकळत पर्समधल्या लाल पेनाकडे गेला, पण चूक सापडली नाही. येणारा प्रत्येक जण दाराशी थांबायचा, वाचायचा आणि आत आल्यावर काजव्याकडे बघायचं टाळायचा. फोरमन तेवढा सरळ त्याच्याकडे आला आणि ओरडला, "लेका, बहिरा आहेस हे मला केव्हाच माहीत होतं! माझं बोलणं फक्त तुलाच मोठं वाटायचं नाही!"

अकराला चार रांगा लागल्या. पहिली खुर्च्यांवर, शेवटची बाकांवर. काजव्यानं फितीनं अंतर मोजलं, पुढची रांग साडेसहा मीटर, मागची आठ. बासष्ट माणसं. दुसऱ्या रांगेत डावीकडून नवव्या जागेवर त्यानं एक माणूस मावेल एवढी फट ठेवायला लावली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लोक ती बुजणार नाही याची काळजी घेत अवघडून उभे होते.

सव्वाअकरा झाले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काढ रे, पाय दुखले."

"पाच मिनिटं," काजवा म्हणाला. साडेअकराला पण त्यानं तेच सांगितलं.

"तो यायचा नाही, काजव्या," बाई हळूच म्हणाल्या, आणि मग आठवण होऊन पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या, "यायचा नाही तो!"

कुलूप अकरा पस्तीसला आला. आत आला नाही. दाराशी फलकापुढे उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, लावला. सगळा हॉल त्याच्या पाठीकडे बघत होता. कागद चार-पाच ओळींचा होता, पण त्याला वाचायला बराच वेळ लागला. मग त्यानं कागदाचा एक कोपरा, जिथे टाचणी नव्हती, तिथे पलीकडची गंजलेली टाचणी काढून टोचली, अंगठ्यानं दाबली, आणि रांगांमधून वाट काढत फटीत जाऊन उभा राहिला.

"कुठे बघायचं?" त्यानं विचारलं.

"इकडे," काजवा म्हणाला.

भाची त्याच्या पाठीमागे स्टुलावर उभी होती. ठरलं असं होतं की फ्लॅशचा दिवा लागला आणि शिट्टी थांबली की ती त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारेल. त्यानं डोळा लावला, बटण दाबलं, हॉल पांढरा झाला. मग वाट बघणं आलं. उभ्या माणसाला सात सेकंद फार असतात. तिसऱ्या सेकंदाला जुळारी कुजबुजले. पाचव्याला फोरमन गरजला, "झोपला का रे हा?"

"भरू दे त्याला!" कुलूप रांगेतून ओरडला. "घाई केली की काय होतं ते दारावर लिहिलंय!"

हसण्याची लाट मागच्या बाकापर्यंत गेली, आणि थाप पडली, आणि काजव्यानं दाबलं. असे त्यानं सहा काढले. सहाही सारखे उजळ आले. पण दुसरा त्यानं ठेवला.

*

दैनिकाची एक पद्धत होती. समूहाच्या फोटोमागे छायाचित्रकारानं स्वतःच्या अक्षरात लिहायचं: रांगवार, डावीकडून उजवीकडे, नाव आणि नोकरी सोडतानाचं पद. संघटनेच्या त्रेसष्ट प्रतींवर छापील चिठ्ठ्या लागल्या. एक प्रत काजव्यानं बाजूला काढली आणि तिच्यामागे पेन्सिलीनं सगळी त्रेसष्ट नावं लिहिली. त्याला दोन दुपारी लागल्या.

ती घेऊन तो चार वाजता कुलूपाकडे गेला. या वेळी साखळी नव्हती. कुलूपानं फोटो उजेडात धरून पाहिला, हसणाऱ्या रांगांवरून नजर फिरवली, स्वतःचं उघडं तोंड पाहून "शी" म्हणाला. मग सवयीनं उलटा केला आणि मागच्या नावांवरून बोट फिरवत दुसऱ्या रांगेत नवव्यावर थांबला. तिथे त्याचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं: स्टोअरकीपर.

"गोदाम राहिलं लिहायचं," तो म्हणाला.

"राहू दे," काजवा म्हणाला.